थीम अपडेट झाली आणि केलेले बदल उडाले: हा त्रास पुन्हा पुन्हा का होतो, कसा थांबवायचा

साईट परवापर्यंत नीट दिसत होती. आज उघडली तर नावाखालची मराठी ओळ नाही, तळाशी थीम बनवणाऱ्यांचं नाव परत आलंय, मेनूतली अक्षरं तुटक दिसतायत. लॉगिन करून पाहावं तर कोणी काही केलेलं नाही; फक्त थीमची (साईटला रूप देणाऱ्या साच्याची) नवी आवृत्ती बसली आहे. बदल परत केले की काही आठवडे बरे जातात आणि पुढच्या अपडेटला सगळं पुन्हा उडतं.

मुंबईत घरगुती उद्योग, सार्वजनिक मंडळं, क्लासेस, छोटे प्रकाशक यांच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवरच्या साईट बहुतेक वेळा ओळखीतल्या कोणीतरी एकदा करून दिलेल्या असतात. पुढे गरज पडेल तसं कोणीतरी डॅशबोर्डातला थीम फाइल एडिटर उघडतं, दोन ओळी बदलतं, सेव्ह करतं. लगेच हवं तसं दिसतं, म्हणून हीच पद्धत बरोबर वाटते. ऑगस्ट 2020 मध्ये आलेल्या वर्डप्रेस 5.5 पासून थीमचं ऑटो-अपडेट डॅशबोर्डातूनच सुरू करता येतं. ते चालू असेल तर बदल कधी उडाले हेही कळत नाही. गणपतीच्या तोंडावर किंवा दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यावर कोणीतरी फोन करून सांगतं, तेव्हा लक्ष जातं.

(फाइलींची आणि फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. सर्व्हरवर ती अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत असतात.)

नेमकं काय होतं

थीमचं अपडेट म्हणजे फक्त बदललेल्या फाइली नव्याने टाकणं नव्हे. वर्डप्रेस नवी झिप उतरवून घेतं, थीमचं जुनं फोल्डर अख्खं काढतं आणि त्याच नावाने नवं ठेवतं. म्हणून तुम्ही दुरुस्त केलेली हेडर.पीएचपी (पानाचा वरचा भाग बनवणारी फाइल) तर जातेच, पण त्या फोल्डरमध्ये तुम्ही स्वतःची म्हणून ठेवलेली वेगळी फाइलही जाते. "मी मूळ फाइलींना हातच लावला नव्हता, तरी माझी फाइल कशी गेली?" असं विचारणारे बरेच भेटतात, त्याचं कारण हे.

वर्डप्रेस 6.3 पासून अपडेटच्या वेळी जुनं फोल्डर तात्पुरतं बाजूला ठेवलं जातं. ते आपल्या बदलांसाठी नाही. अपडेट मध्येच फसलं तर मागे येता यावं म्हणून आहे. अपडेट नीट पार पडलं की ती प्रत पुसली जाते, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.

डेटाबेसमधलं मात्र काही जात नाही. लेख, पानं, मेनू, कस्टमायझरमध्ये (डॅशबोर्डातून साईटचं रूप बदलायच्या जागी) भरलेली माहिती, सगळं जागेवर असतं. उपाय यातूनच निघतो: आपला बदल थीमच्या फोल्डरबाहेर राहिला पाहिजे. बाहेर म्हणजे कुठे, हे मात्र त्या बदलाच्या जातीवर ठरतं. 'चाइल्ड थीम करा' (म्हणजे मूळ थीमच्या आधारावर चालणारी स्वतःची वेगळी छोटी थीम) एवढाच सल्ला सगळीकडे मिळतो आणि लोक सगळं तिच्यात कोंबतात. मग बदल उडत नाहीत, पण दोन वर्षांनी वेगळंच दुखणं सुरू होतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण तो भाग कोणी फारसा सांगत नाही.

घाईत करू नयेत अशा गोष्टी

अपडेट कायमचं बंद करणं हा पहिला मोह. थीममधल्या सुरक्षेच्या त्रुटी अपडेटमधूनच बुजतात, त्यामुळे हा मार्ग नकोच. काहीजण स्टाइल.सीएसएस या थीमच्या सजावटीच्या फाइलीतला आवृत्तीचा आकडा 9999 करून ठेवतात, म्हणजे वर्डप्रेसला नवी आवृत्ती आली आहे असं वाटतच नाही. हे चालतं, आणि म्हणूनच घातक आहे. साईट पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला डॅशबोर्डात सगळं आलबेल दिसतं आणि थीम आतून वर्षानुवर्षं जुनी राहते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन कालचा पूर्ण बॅकअप परत टाकू नका. पूर्ण बॅकअपमध्ये डेटाबेसही असतो. साईटवर विक्री होत असेल तर मधल्या काळात आलेल्या ऑर्डरी, नोंदणी, प्रतिक्रिया सगळं पुसलं जाईल. हेडरमधल्या दोन ओळींसाठी ऑर्डरी गमावणं परवडत नाही. आपल्याला बॅकअपमधून एकच गोष्ट हवी: थीमचं जुनं फोल्डर. तेही साईटवर परत ठेवायचं नाही, आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं.

गेलेले बदल शोधून काढणं

जुनं, बदललेलं फोल्डर हाती आलं की त्यातली स्टाइल.सीएसएस उघडा आणि वरच्या भागात लिहिलेली आवृत्ती पाहा. नेमक्या त्याच आवृत्तीची कोरी थीम मिळवा. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातल्या थीमच्या जुन्या आवृत्त्या तिथल्या एसव्हीएन साठ्यात मिळतात. विकत घेतलेली थीम असेल तर विक्रेत्याकडे मागावी लागते. आता दोन्ही फोल्डर शेजारी ठेवून तुलना करा. विंडोजवर विनमर्ज, लिनक्सवर मेल्ड, नाहीतर व्हीएस कोडमध्येही दोन फाइलींची तुलना करता येते. जे फरक दिसतील तेच तुमचे बदल.

तुलना नव्या आवृत्तीशी करू नका. तसं केलं तर थीमवाल्यांनी केलेले शेकडो फरक आणि तुमचे सात-आठ फरक एकत्र दिसतील आणि कोणता कोणाचा हे उलगडत बसावं लागेल.

बॅकअपच नसेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साईटची जुनी प्रत आहे का पाहा. गूगलच्या शोधनिकालांतली कॅश्ड पानांची सोय 2024 मध्ये बंद झाली, त्यामुळे तिथे जाऊन उपयोग नाही. वेबॅकमध्ये पानाचं एचटीएमएल आणि बऱ्याचदा सीएसएस मिळतं. पीएचपी, म्हणजे पान तयार करणारा कोड, सर्व्हरवरच चालून संपतं, ते तिथे मिळणं शक्य नाही. पण तयार झालेलं एचटीएमएल पाहून काय बदललं होतं याचा अंदाज बांधता येतो.

सापडलेला प्रत्येक फरक एका कागदावर साध्या मराठीत लिहा. 'हेडरमध्ये फोन नंबर', 'लेखाखाली लेखकाची माहिती काढली', 'चेकआउटला स्टेशनचं खानं' (म्हणजे ऑर्डर पूर्ण करायच्या पानावर स्टेशन भरायचा रकाना). हा कागद साईट चालवणाऱ्याच्या आयुष्यातला फार मोलाचा कागद आहे. त्यातल्या निम्म्या गोष्टी आता नको आहेत असंही पुष्कळदा लक्षात येतं.

कोणता बदल कुठे ठेवायचा

आता एकेक बदल घ्या आणि विचारा: उद्या थीमच बदलली तर हे हवं असेल का?

हो असेल, तर त्याची जागा कोणत्याच थीममध्ये नाही, चाइल्ड थीममध्येही नाही. ते स्वतःच्या छोट्या प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला जोडायच्या वेगळ्या कोडमध्ये) जायला हवं. दादरहून दिवाळीचा फराळ विकणाऱ्या एक काकू आहेत. त्यांच्या ऑर्डरच्या फॉर्ममध्ये 'जवळचं स्टेशन' आणि 'पूर्व की पश्चिम' अशी दोन जास्तीची खानी होती. मुंबईत घरपोच माल देणाऱ्याला पिनकोडपेक्षा हीच माहिती जास्त कामाची. ती खानी थीमच्या फाइलीत बसवलेली होती आणि ऐन दिवाळीआधी उडाली. ऑर्डरी येतच राहिल्या, पण पत्ते अर्धवट. "अरे, पोरगा चकल्या घेऊन मुलुंडला उतरला, आणि तिकडून मला विचारतोय, काकू, कोणत्या बाजूला जाऊ?" असा त्यांचा फोन. साईट बंद पडली असती तर लगेच कळलं असतं. असं मुकाट्याने काहीतरी गळून पडलं तर नुकसान होईपर्यंत कळत नाही.

ती खानी आता एका प्लगइनमध्ये आहेत. प्लगइन म्हणजे फार मोठं काही नाही: प्लगइनच्या फोल्डरमध्ये एक पीएचपी फाइल, तिच्या वरच्या टिप्पणीत प्लगइनचं नाव, आणि खाली वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसवर दुकान चालवायच्या प्लगइनच्या) 'चेकआउट फील्ड्स' या फिल्टरला जोडलेलं एक फंक्शन. व्हॉट्सअॅपचं बटण, अॅनालिटिक्सचा कोड, स्वतःचा पोस्ट टाइप, शॉर्टकोड, हे सगळं याच जातीचं. चुकूनही कोणी बंद करू नये असं वाटत असेल तर ती फाइल डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या एमयू-प्लगइन्स फोल्डरमध्ये ठेवा. तिथली फाइल आपोआप चालते आणि डॅशबोर्डातून बंद करता येत नाही. मात्र ती थेट त्या फोल्डरमध्ये हवी. आत आणखी फोल्डर करून ठेवली तर वर्डप्रेस तिच्याकडे पाहत नाही.

फक्त दिसण्यापुरता बदल असेल, रंग, अंतर, अक्षराचा आकार, तर कस्टमायझरमधलं 'अॅडिशनल सीएसएस' पुरतं. डिसेंबर 2016 मध्ये वर्डप्रेस 4.7 सोबत आलेली ही सोय डेटाबेसमध्ये साठते, अपडेटला हलत नाही. ओळी वाढल्या, पन्नास-शंभरच्या पुढे गेल्या, की चाइल्ड थीमच्या स्टाइल.सीएसएसमध्ये हलवा, म्हणजे शोधायला आणि बॅकअपला सोपं.

शब्द बदलायचे असतील, 'रीड मोअर'च्या जागी 'पुढे वाचा', तर टेम्प्लेटला (पानाची रचना ठरवणाऱ्या फाइलीला) हात लावायची गरजच नाही. ते भाषांतराचं काम आहे. पण इथेही एक खड्डा आहे: डब्ल्यूपी-कंटेंट, लँग्वेजेस, थीम्स या फोल्डरमधली भाषांतराची फाइल बदलली तर भाषांतराच्या पुढच्या अपडेटला तीही पुसली जाते. लोको ट्रान्सलेट प्लगइन वापरत असाल तर फाइल साठवताना 'कस्टम' जागा निवडा. ते लँग्वेजेसखाली लोको नावाचं वेगळं फोल्डर आहे आणि अपडेट त्याला शिवत नाही.

मग उरते रचना: एखादी गोष्ट इथून उचलून तिथे ठेवणं, नवीन पट्टी घालणं, तारखेचा क्रम बदलणं. यातही आधी हुक शोधा. हुक म्हणजे थीमच्या कोडमध्ये ठरलेल्या जागी बाहेरून आपला तुकडा जोडायची सोय. स्टोअरफ्रंट, अस्त्रा, जनरेटप्रेस यांसारख्या थीममध्ये हेडरच्या आधी, नंतर, फूटरमध्ये, लेखाच्या वर-खाली असे भरपूर हुक आहेत. तळाची श्रेयाची ओळ बदलण्यासाठी पूर्ण फूटर.पीएचपी कॉपी करण्याआधी थीमच्या फाइलींत 'डू अॅक्शन' आणि 'अप्लाय फिल्टर्स' हे शब्द शोधून पाहा. दहा मिनिटांचा हा शोध पुढचा बराच त्रास वाचवतो. हुकने होतच नसेल तरच टेम्प्लेट कॉपी करायची, आणि तीही एकच.

देवनागरीसाठीचे बदल

मराठी साईटवर थीमला हात लावायचं सगळ्यात मोठं कारण अक्षरं हेच असतं, म्हणून हे वेगळं लिहितो आहे. बहुतेक थीम रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. मेनू आणि मथळ्यांना 'लेटर-स्पेसिंग' दिलेलं असतं. रोमनला ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा अक्षरागणिक तुटते. चाइल्ड थीमच्या सीएसएसमध्ये ते शून्य करून टाका. मथळ्यांची 'लाइन-हाइट' 1.1 किंवा 1.2 ठेवलेली असते. दोन ओळींचा मथळा आला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांवर, अनुस्वारांवर आदळतात. 1.4 च्या आसपास नेलं की मोकळं वाटतं. बटणांवर 'ओव्हरफ्लो' लपवलेला असेल तर वेलांटीचा माथाच कापला जातो, तेही तपासा.

फॉन्टचंही तसंच. थीमचा रोमन फॉन्ट देवनागरी अक्षरं देतच नाही, मग ब्राउझर ज्याच्या त्याच्या यंत्रावर जो असेल तो उचलतो. मुंबईतल्या एक टाइप या संस्थेचा मुक्त परवान्याचा मुक्ता फॉन्ट अशा कामाला उत्तम आहे. तो थीमच्या फोल्डरमध्ये टाकू नका. चाइल्ड थीममध्ये ठेवा. ब्लॉक थीम (जिची पानं डॅशबोर्डातच तुकडे जोडून रचता येतात) असेल तर एप्रिल 2024 मधल्या वर्डप्रेस 6.5 पासून फॉन्ट लायब्ररी आहे, ती फॉन्ट थीमच्या फोल्डरबाहेर साठवते.

आणखी एक बारीक गोष्ट. हेडर.पीएचपीमध्ये भाषेची खूण 'लँग्वेज अॅट्रिब्यूट्स' या फंक्शनमधून यायला हवी. काही थीममध्ये तिथे इंग्रजी थेट लिहून ठेवलेली असते. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, ते ही खूण मराठी असेल तरच ते रूप दाखवतात. पान ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही भाषा इथूनच कळते. या एका दुरुस्तीसाठी हेडर कॉपी करायची वेळ आली तरी मी ती करेन.

चाइल्ड थीम उभी करताना

थीम्सच्या फोल्डरमध्ये नवं फोल्डर करा, त्यात स्टाइल.सीएसएस. तिच्या वरच्या टिप्पणीत दोन ओळी हव्यात: थीमचं नाव, आणि 'टेम्प्लेट' या शब्दापुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव. फोल्डरचं नाव, थीमचं छापील नाव नव्हे. सर्व्हर लिनक्सचा असेल तर लहान-मोठ्या अक्षराचाही फरक पडतो. घरच्या विंडोजवर चाललेली चाइल्ड थीम सर्व्हरवर गेल्यावर 'मूळ थीम सापडत नाही' म्हणते, ती बहुधा यामुळेच.

मूळ थीमची फंक्शन्स.पीएचपी (थीमचा कामाचा कोड असलेली फाइल) कॉपी करून चाइल्डमध्ये ठेवू नका. बाकीच्या टेम्प्लेटच्या बाबतीत चाइल्डची फाइल मूळ फाइलीच्या जागी वापरली जाते, पण या फाइलीचं तसं नाही. दोन्ही चालतात, आधी चाइल्डची, मग मूळ थीमची. तीच फंक्शनं दोनदा आली की पीएचपी थांबतं आणि साईटवर 'क्रिटिकल एरर' दिसते. चाइल्डची फंक्शन्स.पीएचपी कोरी सुरू करायची आणि त्यात फक्त आपलं लिहायचं. साईट तशी पडलीच तर एफटीपीने किंवा होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून त्या फाइलीचं नाव बदला, साईट उभी राहते.

चाइल्ड थीम चालू केल्यावर साईट नागडी दिसली, म्हणजे सगळी सजावट गेली, तर पानाचा सोर्स पाहा. काही मूळ थीम 'गेट स्टाइलशीट यूआरआय' वापरून आपली सीएसएस मागवतात. चाइल्ड चालू असताना त्या हाकेला चाइल्डची फाइल उत्तर देते आणि मूळ सीएसएस येतच नाही. तिथे चाइल्डच्या फंक्शन्स.पीएचपीमधून मूळ थीमची सीएसएस 'डब्ल्यूपी एनक्यू स्टाइल'ने मागवायची. उलट, मूळ सीएसएस येते पण तुमची येत नाही असं असेल तर तुमची मागवायची. दोन्ही येत असतील तर काहीच करू नका. आंधळेपणाने कोड चिकटवला की एकच सीएसएस दोनदा उतरते. मागवताना आवृत्ती म्हणून चाइल्डचा स्वतःचा आकडा द्या आणि बदल केला की तो वाढवा, नाहीतर लोकांच्या फोनमध्ये जुनीच सीएसएस साठून राहते.

चाइल्ड थीम चालू करताच लोगो, रंग आणि अॅडिशनल सीएसएस गायब झालं म्हणून घाबरू नका. कस्टमायझरची ही माहिती प्रत्येक थीमच्या नावाने वेगळी साठते. मूळ थीमचं सगळं डेटाबेसमध्ये तसंच आहे, फक्त चाइल्डच्या नावाने अजून काही नाही. कस्टमायझर एक्स्पोर्ट/इम्पोर्ट प्लगइनने मूळ थीम चालू असतानाच ती माहिती काढून ठेवा आणि मग चाइल्डमध्ये भरा. काही थीम आपली सेटिंग्ज वेगळ्या जागी ठेवतात, त्यांना हा त्रास होत नाही.

कॉपी केली, तरी काहीच बदललं नाही

सगळ्यात आधी कॅश (साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती) रिकामी करा: कॅश प्लगइनची, होस्टिंगची, ब्राउझरची. नंतर खात्री करा की तुम्ही बदलताय तीच टेम्प्लेट त्या पानाला वापरली जाते. क्वेरी मॉनिटर प्लगइन वरच्या पट्टीतून नेमकं सांगतं की हे पान कोणत्या फाइलीतून आलं आणि त्यात कोणते तुकडे जोडले गेले. पहिल्या पानासाठी फ्रंट-पेज.पीएचपी असेल तर तिचाच मान पहिला, तुम्ही पेज.पीएचपीत कितीही बदल केले तरी तिथे दिसणार नाहीत.

फाइल बरोबर असेल तर वाट तपासा. मूळ थीममध्ये ती टेम्प्लेट-पार्ट्स फोल्डरच्या आतल्या कंटेंट फोल्डरमध्ये असेल तर चाइल्डमध्येही अगदी तीच वाट हवी. तरीही होत नसेल तर मूळ थीम ती फाइल कशी बोलावते ते पाहा. 'गेट टेम्प्लेट पार्ट'ने बोलावलेली फाइल वर्डप्रेस आधी चाइल्डमध्ये शोधतं. 'गेट टेम्प्लेट डिरेक्टरी' लावून थेट जोडलेली फाइल नेहमी मूळ थीममधूनच येते, चाइल्डमध्ये कितीही कॉपी केली तरी. अशा वेळी ती जोडणारी वरची फाइल कॉपी करावी लागते, किंवा पुन्हा हुककडे वळावं लागतं.

एलिमेंटरसारख्या पान रचायच्या प्लगइनमध्ये (बिल्डरमध्ये) हेडर केलं असेल तर ते डेटाबेसमधून येतं, थीमची हेडर फाइल तिथे दिसतच नाही. नोव्हेंबर 2023 मधल्या वूकॉमर्स 8.3 पासून नव्या दुकानांना कार्ट आणि चेकआउट ब्लॉकमध्येच मिळतात. जुनी चेकआउट टेम्प्लेट कॉपी करून त्यावर काही परिणाम होत नाही, आणि जास्तीची खानी नोंदवायची पद्धतही वेगळी आहे.

ब्लॉक थीमचं गणित उलटं

जानेवारी 2022 मधल्या वर्डप्रेस 5.9 पासून साइट एडिटर आला. त्यात केलेले टेम्प्लेटचे बदल डेटाबेसमध्ये जातात, म्हणून अपडेटला उडत नाहीत. पण तुम्ही एकदा एखादी टेम्प्लेट तिथे बदलली की थीमवाल्यांनी तीच टेम्प्लेट पुढे सुधारली तरी तुमच्या साईटवर जुनीच राहते. नवी हवी असेल तर त्या टेम्प्लेटवरचे आपले बदल 'रीसेट' करावे लागतात. शिवाय हे बदल त्या थीमच्या नावाशी बांधलेले असतात. नंतर चाइल्ड थीमवर गेलात तर ते दिसेनासे होतात, म्हणून चाइल्ड करायची असेल तर साइट एडिटरमध्ये काम सुरू करण्याआधीच करा.

नावाची टक्कर

चाइल्ड थीमच्या फोल्डरला एखादं साधं नाव दिलंत आणि वर्डप्रेसच्या भांडारात त्याच नावाची थीम असेल, तर डॅशबोर्ड तिचं अपडेट तुमच्या थीमला देऊ शकतो. ते दाबलं की तुमची चाइल्ड थीमच पुसली जाईल. नाव दुकानाशी किंवा मंडळाशी जोडलेलं, लांबलचक ठेवा. वर्डप्रेस 6.1 पासून स्टाइल.सीएसएसच्या वरच्या टिप्पणीत 'अपडेट यूआरआय' अशी ओळ देता येते. तिथे आपल्या साईटचा पत्ता दिला की भांडारातलं अपडेट या थीमला लागू होत नाही.

कॉपी केलेली टेम्प्लेट म्हातारी होते

आता ते दोन वर्षांनंतरचं दुखणं. चाइल्ड थीममध्ये कॉपी केलेली फाइल अपडेटपासून सुरक्षित असते, म्हणजेच तिच्यापर्यंत कोणतीही सुधारणा पोचत नाही. मूळ थीमने हेडरमध्ये सुरक्षेची त्रुटी बुजवली, कीबोर्डने मेनू उघडण्याची सोय केली, पीएचपीच्या नव्या आवृत्तीसाठी कोड बदलला, तरी तुमच्याकडे जुनीच प्रत चालू राहते. मग एक दिवस होस्टिंगवाले पीएचपी पुढे नेतात आणि पान कोसळतं. लोक अपडेटला दोष देतात. दोष त्या विसरलेल्या प्रतीचा असतो. एक ओळ बदलायची म्हणून चारशे ओळींची फाइल उचलली, तर उरलेल्या 399 ओळींची काळजीही आपल्याच गळ्यात पडते.

वूकॉमर्स याबाबतीत प्रामाणिक आहे. त्याच्या प्रत्येक टेम्प्लेटच्या डोक्यावर आवृत्तीचा आकडा असतो. चाइल्ड थीममधल्या वूकॉमर्स फोल्डरातली प्रत मागे पडली की वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर तळाशी तिचं नाव येतं. (मूळ थीममध्ये वूकॉमर्स.पीएचपी नावाची फाइल असेल तर वस्तूंच्या यादीची कॉपी केलेली टेम्प्लेट वापरलीच जात नाही, हेही ध्यानात असू द्या.) साध्या थीमच्या फाइलींसाठी अशी सूचना नसते, म्हणून सवय आपल्यालाच लावावी लागते: फाइल कॉपी करतानाच वर टिप्पणीत लिहा, मूळ थीमची कोणती आवृत्ती, काय बदललं, का बदललं. बदललेल्या ओळीच्या वर-खाली खूण करा. चाइल्ड थीम गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवली तर पहिली नोंद न बदललेल्या कॉपीची करा आणि दुसरी आपल्या बदलाची, म्हणजे फरक कायम स्वच्छ दिसतो.

मूळ थीमची मोठी आवृत्ती आली की ती आधी स्टेजिंगवर (साईटच्या चाचणीच्या प्रतीवर) चढवा. सणाच्या आठवड्यात चढवू नका. दिवाळीची ऑर्डर घेणाऱ्याने हे काम श्रावणातच उरकावं. मग कॉपी केलेल्या प्रत्येक फाइलीसाठी तीन प्रती समोर घ्या: ज्या आवृत्तीतून कॉपी केली ती जुनी मूळ फाइल, तुमची बदललेली फाइल, आणि नवी मूळ फाइल. जुनी मूळ आणि नवी मूळ यांत फरकच नसेल तर तुमची प्रत अजून ताजी आहे, पुढच्या फाइलीकडे वळा. फरक असेल तर नवी मूळ फाइल कोरी घ्या आणि तिच्यात तुमचा बदल पुन्हा लावा. उलट करू नका; जुन्या फाइलीत नव्या ओळी चिकटवत गेलं की एखादी हमखास सुटते. नव्या आवृत्तीत त्या जागी हुक आलाय का हेही याच वेळी पाहा. आला असेल तर बदल फंक्शन्स.पीएचपीत हलवा आणि कॉपी पुसून टाका.

काम झाल्यावरच फाइलीच्या डोक्यावरचा आवृत्तीचा आकडा बदला. नुसता आकडा पुढे करून वूकॉमर्सची सूचना घालवली तर आत जुना कोड तसाच राहतो आणि स्टेटसचं पान ती फाइल ठीक आहे असं सांगत राहतं.